नवरा बाहेर गाडीवर आहे

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

माझ्या दवाखान्यासमोर कडुनिंबाचं झाड आहे. गेली एकतीस वर्षं त्याच्या सावलीत नवरे थांबतात. आधी सायकली होत्या, मग लुना आल्या, आता बुलेटही येते. माणूस मात्र तसाच, एक पाय जमिनीला टेकवून बसलेला. आत बायकोला विचारलं, "ते कुठायत?" की ठरलेलं उत्तर, "बाहेर गाडीवर आहेत." या महिन्याची पत्रं वाचताना ते झाडच डोळ्यांपुढे येत होतं, म्हणून ही पाच एकत्र घेतली. नावं-गावं गाळली आहेत.

प्रश्न : मी २४ वर्षांची, गडचिरोली जिल्ह्यात राहते. नववा आठवडा सुरू आहे. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, पुढच्या तपासणीत 'सिकल – एएस' असं लिहून आलं. सिस्टर म्हणाल्या, नवऱ्यालाही आणा. ते म्हणतात, मी दिवसाला पन्नास पोती उचलतो, मला काय धाड भरली? सासूबाई म्हणतात, आजारी पोरगी आमच्या गळ्यात मारली. मी आजारी आहे का? बाळाला होईल का?

उत्तर : नाही, तुम्ही आजारी नाही. हे वाक्य सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन कसं बनवायचं, याची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक वडलांकडून. तुमची एक प्रत नेहमीची, म्हणजे 'ए'. दुसरी 'एस'. एक 'ए' असली तरी काम भागतं. तुम्ही वाहक आहात. ज्याच्या दोन्ही प्रती 'एस', त्याला सिकलसेलचा आजार. सिकल म्हणजे विळा. त्या माणसाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात. आपली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यांची दहा-वीस दिवसांत फुटते. तुमचं तसं काही नाही. तुमचं हिमोग्लोबिन कमी असेल तर ते वाहक असल्यामुळे नाही, त्याचं कारण वेगळं शोधायचं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर चालू ठेवा.

आता बाळाचं. माझ्या टेबलाच्या खणात सुपारीची एक जुनी डबी आहे, तिच्यात शर्टाची चार बटणं, दोन पांढरी, दोन लाल. दोन वाट्या घेते, प्रत्येकीत एक पांढरं, एक लाल. ही वाटी आईची, ही बापाची. न बघता दोन्हींतून एकेक उचला. दोन्ही पांढरी आली तर मूल मोकळं. एक लाल, एक पांढरं आलं तर मूल तुमच्यासारखं वाहक. दोन्ही लाल आली तर आजार. दोघंही वाहक असतील तर आजाराची शक्यता चारात एक, वाहकाची चारात दोन, काहीच नसण्याची चारात एक. नवऱ्याच्या वाटीत दोन्ही पांढरीच असतील तर तुमच्या बाळाला सिकलचा आजार होणारच नाही. सगळं अडलंय ते त्यांच्या वाटीत काय आहे त्यावर.

इथे एक घोटाळा हमखास होतो. एक जोडपं आलं होतं, पहिली मुलगी आजारी. बाप अगदी खुशीत म्हणाला, "म्याडम, चारातली एक झाली ना आमची, आता तीन चांगल्याच होतीन." मी त्याला बटणं वाटीत परत टाकायला लावली. दर खेपेला बटणं परत वाटीत जातात. आधी काय निघालं होतं ते वाटीला आठवत नाही. तो बराच वेळ वाटीकडे बघत राहिला, मग दुसऱ्या खेपेच्या तपासणीला स्वतः बायकोच्या आधी येऊन बसला.

तुमच्या मालकांना सांगा, पोतं उचलता येणं हा सिकलचा रिपोर्ट नाही. वाहक माणूसही पन्नास पोती उचलतो. अंगाला काहीच जाणवत नाही, म्हणून तर तपासावं लागतं. आणि नुसती बोटातल्या थेंबाची प्राथमिक चाचणी करून परत येऊ नका. त्यांची एचपीएलसी नावाची, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करून घ्या. कारण ते सिकलचे नसून थॅलेसेमियाचे, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे, वाहक असू शकतात, आणि ते प्राथमिक चाचणीत दिसतच नाही. तुमचं 'एस' आणि त्यांचं थॅलेसेमिया एकत्र आलं तरी मूल आजारी होऊ शकतं.

हे याच आठवड्यात करा. दोघंही वाहक निघालात तर बाळाची तपासणी गर्भातच करता येते. दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अगदी छोटा नमुना घेतात, तो काळ टळला तर पुढे गर्भजल. मान्यताप्राप्त केंद्रात हे कायदेशीर आहे. तिथे आजाराचं सांगतील, मुलगा की मुलगी ते सांगणार नाहीत, तुम्हीही विचारू नका. मूल आजारी निघालं तर पुढे काय करायचं, तो निर्णय तुमचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची सर्वसाधारण मुदत २० आठवडे आहे, काही परिस्थितींत २४, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही. मूल ठेवायचं ठरवलंत तरी अंधार नाही. लहानपणापासून पेनिसिलिन, लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया नीट मिळालेली मुलं शाळेत जातात, कॉलेजात जातात. माझ्याकडची एक आता तलाठी आहे.

माझी एक जुनी तक्रारही इथेच सांगून घेते. एका खासगी लॅबने चार महिन्यांच्या बाळाची तीच प्राथमिक चाचणी करून 'सिकल नाही' असं छापून दिलं होतं. तान्ह्या बाळात जन्मावेळचं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यामुळे सहा महिन्यांच्या आत ही चाचणी फसवते. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी फसवते. बाळ वर्षाचं झालं, हातापायाची बोटं सुजून आली, तेव्हा खरं कळलं. आठ महिने वाया गेले.

सासूबाईंसाठी अजून एक. तुमच्याकडे हे 'एस' आलं ते तुमच्या आईकडून किंवा वडलांकडून. उद्या त्यांच्या मुलात निघालं, तर ते त्यांच्याकडून किंवा सासऱ्यांकडून आलेलं असणार. यात दोष कुणाचाच नाही. जंगलपट्टीतल्या मलेरियात वाहक मुलं जास्त वाचली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे टिकून राहिलं. विदर्भात, नंदुरबारकडे कितीतरी समाजांत आहे. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंतचं लक्ष्य ठेवून. तुमच्या सिस्टर ज्या चिकाटीने मागे लागल्यात, त्याला ही मोहीमही कारण आहे. त्यांचं ऐका.

प्रश्न : मी २१ वर्षांचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. लघवीतून धात जाते. अशक्त झालोय, लक्ष लागत नाही. भिंतीवरची जाहिरात बघून नऊ हजारांचं औषध आणलं, फरक नाही. पैसे वाचवायला मी एक डबा दोन वेळा खातो. लग्न करू शकेन का?

उत्तर : करू शकशील, पण आधी दुसरा डबा लाव.

'चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब' हे तुला कुणीतरी सांगितलं असणार. वीर्य रक्त आटवून होत नाही. त्यातला बहुतेक द्रव पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी आणि वीर्यकोशातून येतो, शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा, आणि हे सगळं शरीर रोज नव्याने करतं. लघवी गढूळ दिसणं बहुतेक वेळा त्यातल्या फॉस्फेटच्या क्षारांमुळे असतं. ही भीती आपल्याकडे इतकी पसरलेली आहे की १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. थकवा खरा आहे, कारण दुसरं आहे. हिमोग्लोबिन, बी-१२, साखर तपासून घे. लघवीला आग होत असेल, पू किंवा रक्त जात असेल तर मात्र संसर्ग बघावा लागेल. उरलेलं औषध फेकून दे. त्यात काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.

प्रश्न : वय ३३. अंगावरून पांढरं जातं, खाज, घाण वास. तीनदा हिरव्या पाकिटातल्या गोळ्या घेतल्या. थांबतं, महिन्याभराने परत. हे कामानिमित्त पंधरा-पंधरा दिवस बाहेरगावी असतात. त्यांनाही लघवीला जळजळतं, पण उन्हाने होतं म्हणतात. माझी पिशवीच खराब आहे का? काढून टाकू का?

उत्तर : पिशवीला हात लावू नका. पांढरं जातं म्हणून पिशवी काढलेल्या तिशीतल्या बायका मी पाहिल्या आहेत. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते तुम्ही वाचलं असेल.

थोडं पांढरं जाणं हे शरीराचं रोजचं काम आहे. पाळीच्या मध्यावर ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं तारदार होतं, तो आजार नाही. दह्याच्या कवड्यांसारखं आणि खूप खाज असेल तर बुरशी. राखाडी, पातळ आणि मासळीसारखा वास असेल तर आतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडलंय. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा, संबंधांतून पसरणारा सूक्ष्म जीव. पण बाईच्या सांगण्यावरून मी कधीच नक्की ठरवत नाही, आतून तपासते. ट्रायकोमोनासचा थेंब काचपट्टीवर घेऊन लगेच बघितला तर सूक्ष्मदर्शकाखाली ते जीव वळवळताना दिसतात, शेपट्या हलवत. थेंब गार झाला की निपचित, मग सापडत नाहीत. एकदा मी एका बाईलाच बोलावून दाखवले होते. तिने डोळा लावला, दचकून मागे सरली आणि दाराकडे बघून म्हणाली, "त्यांना बोलवा, त्यांनाही दाखवा."

तुमच्या हिरव्या पाकिटात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं. वर सांगितलेल्या तिन्हींवर ते चालतं. पण परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया, हे संबंधांतून पसरणारे दुसरे आजार असतील तर चालत नाही, त्याला सरकारी दवाखान्यात राखाडी पाकीट असतं. म्हणजे चौथ्यांदा तेच हिरवं घेण्यात अर्थ नाही. आणि ट्रायकोमोनास असो, परमा असो की क्लॅमिडिया, एकट्या बायकोला औषध देणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. पुरुषाला अनेकदा काहीच जाणवत नाही, तुमच्या यजमानांना निदान जळजळ तरी होतेय. उन्हाने होतही असेल. पण उन्हाळी खरी असती तर पाणी-सरबताने दोन दिवसांत उतरली असती, दर महिन्याला आली नसती.

दोघांनी एकाच वेळी औषध घ्या. औषध संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नको. जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे तपासणी आणि औषध मोफत, बोलणं गुप्त. त्याच फेरीत दोघांची एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची) तपासणी करून टाका. आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. बुरशीच निघाली आणि सारखी येत असेल तर तुमची साखर बघा, मग त्यात यजमानांचा काही संबंध नाही. आत साबण, जंतुनाशक काही घालू नका. आणि संबंधानंतर रक्त जात असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी लांबवू नका.

हे कुणी आणलं, असा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही, पण खोडलेल्या ओळीत तो वाचता येतोय. यातले काही जंतू महिनोन्‌महिने गुपचूप राहतात. रिपोर्टवर तारीख नसते. आधी औषध घ्या, पंचनामा नंतर.

प्रश्न : लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. माझ्या नळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बिणीतून तपासणी झाली, आता टेस्ट ट्यूबचा खर्च सांगितलाय. ह्यांची तपासणी केली नाही, त्यांच्या घराण्यात असं काही नाही म्हणतात.

उत्तर : मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही काही ना काही वाटा असतो. तरी सर्वांत स्वस्त, सर्वांत बिनदुखी तपासणी सगळ्यांत शेवटी, किंवा होतच नाही. तुमच्या पोटाला दुर्बिणीची भोकं पडली आणि त्यांच्याकडून अजून एक डबी भरून आली नाही!

आधी दोन ते सात दिवस वीर्य जाऊ द्यायचं नाही, मग नमुना द्यायचा, शक्यतो लॅबमध्येच. घरून आणायचं तर अंगाच्या उबेत, तासाभराच्या आत. रिपोर्ट खराब आला तर लगेच हाय खाऊ नका, काही आठवड्यांनी पुन्हा करा. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा टायफॉइडसुद्धा आजच्या रिपोर्टात दिसतो. वयात आल्यावर गालगुंड होऊन अंड सुजलं होतं का, अंडकोशाच्या शिरा फुगल्यात का, तंबाखू किती, भट्टीजवळ काम आहे का, हे सगळं विचारावं लागतं, आणि ते मला तुम्हाला विचारून कळत नाही. टेस्ट ट्यूबचे पैसे भरण्याआधी तुमच्या पिशवीच्या अस्तराची क्षयासाठी तपासणी झालीय का, तेही बघा. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षय पुष्कळदा निघतो.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची. पहिल्या पाळीपासून दहा-बारा दिवस रक्त जातं, तासातासाला पॅड बदलावं लागतं. हिमोग्लोबिन ६.४ वर आलं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. सोनोग्राफी चांगली आहे. 'वयात येताना होतं, बसेल घडी,' असं सांगतात. लहानपणी तिचा घोळणा फार फुटायचा. माझी पाळी तीन दिवसांची, माझ्या आईचीही तशीच. तरी घरात सगळे म्हणतात, हे माहेरचंच असणार.

उत्तर : तुमच्या पत्रातल्या 'घोळणा' शब्दाखाली मी लाल रेघ मारली आहे.

पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, जास्तही जाते, हे खरं. पण सुरुवातीपासूनच तासाला पॅड, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी आणि रक्त चढवायची वेळ, असं असेल तर गर्भाशयाकडे बघत बसू नये. रक्त गोठतं कसं ते बघावं. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी चुकले. बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी माझ्याकडे यायची, आईबरोबर. मी तिला वर्षभर हार्मोनच्या आणि लोहाच्या गोळ्या देत राहिले. एके दिवशी कंपाउंडर म्हणाला, बाहेर स्कूटरवर बसलेला माणूस स्टीलच्या ग्लासात रक्त थुंकतोय. मी बाहेर गेले. तो त्या मुलीचा बाप. आदल्या संध्याकाळी दाढ काढली होती, रात्रभर थांबलं नव्हतं. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. म्हणाला, "आमच्याकडे असंच असतं. दाढी करताना कापलं तर तासभर तुरटी धरतो मी." वर्षभर तो महिन्यातून एकदा माझ्या दारात येऊन थांबत होता आणि मी त्याला एकदाही आत बोलावलं नव्हतं.

बापलेक दोघांना व्हॉन विलेब्रँड आजार निघाला. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) जखमेला चिकटाव्यात यासाठी एक प्रथिन लागतं, ते त्यांच्यात कमी होतं. रक्त न गोठण्याचा दुसरा आजार, हिमोफिलिया, बहुतेक मुलग्यांना होतो. व्हॉन विलेब्रँड मुलगा-मुलगी दोघांनाही होतो, आणि आई किंवा बाप कुणाकडूनही येतो. पुरुषाला पाळी नाही, म्हणून त्याचं आयुष्यभर लपून राहतं. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये या आजाराची पहिली नोंद छापली, ती एका लहान मुलीवरून. ती पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने गेली. घाबरवायला सांगत नाही. तिच्या वेळी औषध नव्हतं, आज आहे. तुमच्या मुलीला तोच आजार आहे असंही मी इथून म्हणत नाही, पण तो शोधल्याशिवाय 'बसेल घडी' म्हणायचं नाही.

बिंबिकांची संख्या आणि नेहमीच्या गोठण्याच्या चाचण्या यात चांगल्या येऊ शकतात, त्यावर समाधान मानू नका. व्हॉन विलेब्रँड घटकाचं प्रमाण आणि त्याचं काम, दोन्ही मोजायला सांगा. ताप, ताण यांनी हा घटक वाढतो, म्हणून एकदा ठीक आला तरी पुन्हा बघावा लागतो. 'ओ' गटाच्या लोकांत तो मुळातच थोडा कमी असतो. तुमच्या शहरात सोय नसेल तर मुंबईला केईएमच्या आवारात रक्ताच्या आजारांची राष्ट्रीय संस्था आहे, तुमच्या डॉक्टरांकडून तिथे चिठ्ठी घ्या. निदान झालं तर पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, गरज पडल्यास हार्मोनच्या गोळ्या आणि लोह, एवढ्यावर पुष्कळ मुलींचं निभतं. काहींना तो घटकच शिरेतून द्यावा लागतो. तोवर पोटात दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको. शाळेत वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा, तिला उठून जायला परवानगी मागावी लागू नये.

आणि तपासणीला जाताना मुलीच्या बाबांना बरोबर न्या, त्यांचंही रक्त त्याच दिवशी तपासायला द्या. त्यांचा एखादा दात काढायचा घाटत असेल तर रिपोर्ट येईपर्यंत थांबवा.